माहिती सांगणार : पुतण्या

माझ्या कपाटात एक फुगलेली फाइल आहे. तिच्यात सगळ्यात वर ठेवलेला कागद बिलाचा नाही, लातूरच्या दवाखान्यातल्या पहिल्या दिवसाच्या केस पेपरची झेरॉक्स आहे. वर ह्यांचं नाव, वय ५६. त्याखाली, माहिती सांगणार : पुतण्या. आणि त्याखाली शिकाऊ डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात एक ओळ, बीपीचा त्रास दहा वर्षांपासून, गोळ्या अनियमित. या एका ओळीवर बोट ठेवून विमा कंपनीने आमचा दावा नाकारला. पाच लाखांची पॉलिसी, २०१८ पासून एकही हप्ता चुकवलेला नाही, आणि पत्रात आमच्याबद्दल लिहिलं होतं की आजार लपवून विमा घेतला.

आम्ही उदगीरचे. ह्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत, सासऱ्यांच्या काळापासूनची. मी इथल्याच एका विनाअनुदानित कॉलेजात ग्रंथपाल. गेल्या वर्षी मार्चमध्ये, हरभऱ्याची आवक जोरात असताना, भर सौद्यात ह्यांच्या हातातलं पट्टीबुक, शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाचं, गळून पडलं. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. एका जुन्या मापाड्याने त्यांना पोत्याला टेकवून बसवलं आणि म्हणाला, "शेठ, दोन्ही हात वर करा बरं." डावा वर गेला, उजवा हललाही नाही. मग त्या माणसाने मोबाइलमध्ये वेळ बघितली आणि पुतण्याला सांगितलं, "ध्यानात ठेव, अकरा वाजून दहा मिन्टं. डॉक्टर आधी हेच इचारतेत." त्याच्या भावाला लकवा मारला होता, तेव्हाचं शहाणपण.

मेंदूच्या नसेत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याच्याआधी सीटी स्कॅन करून आत रक्तस्राव नाही ना, याची खात्री करायची. रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिलं तर जिवावर बेततं. त्यामुळे 'केव्हापासून' हा प्रश्न पहिला. उदगीरच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "इथं थांबू नका." बिदर जवळ पडतंय, नाहीतर सरळ हैदराबादला न्या, अशी चर्चा करायला चार जण जमलेच होते. पुतण्याने कुणाचंच ऐकलं नाही, गाडी लातूरच्या रस्त्याला लावली. साठ-पासष्ट किलोमीटर. एक वाजून गेला तेव्हा तो कॅज्युअल्टीच्या दारात होता. इंजेक्शन वेळेत मिळालं.

मी मागच्या गाडीत. आधार कार्ड, पैसे, पॉलिसीची फाइल घेऊन निघेपर्यंत अर्धा तास गेला. तेवढ्यात ती ओळ लिहून झाली होती. ती कशी लिहिली गेली ते पुतण्यानेच पुढे सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बीपी आहे का? हा म्हणाला, आहे. किती वर्षांपासून? "लई दिवस झाले." म्हणजे दहा वर्षं? "असंल." चोवीस वर्षांचं पोरगं, काका डोळ्यांदेखत वाकडा होत चाललेला, आणि समोर एकजण वही घेऊन वर्षं विचारतोय. त्याने कुठून सांगावं, की काकाला बीपी निघालं ते २०२१ मध्ये, कोरोनानंतर तपासायला गेल्यावर, आणि त्या डॉक्टरची चिठ्ठी घरी माझ्या डब्यात आहे?

आयसीयूतले दिवस मी इथं लांबवत नाही. ज्यांनी त्या दाराबाहेर चटई टाकली आहे त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांनी टाकली नाही त्यांना सांगून कळत नाही. इंजेक्शन वेळेत मिळूनही उजवी बाजू आणि वाचा गेली होती. मग घास-लाळ श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया झाला, दोन-तीन रात्री व्हेंटिलेटरवर गेल्या. त्यातून बाहेर आले तेव्हा मला बघून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडातून आवाज आला तो "तीस".

हो, तीस. डावा मेंदू दुखावला की बोलणं जातं, पण सगळं सारखं जात नाही. जुळवून बोलायचं वाक्य जातं, आणि लहानपणापासून घोकलेलं मागे राहतं. माणसाला पाणी मागता येत नाही पण एक ते वीस आकडे सलग येतात. काही जणांना शिव्या तेवढ्या येतात, स्पीच थेरपीवाल्या मॅडम हसत म्हणाल्या. ह्यांच्या वडिलांनी दुकानाच्या गादीवर बसवून पाढे पाठ करून घेतलेले, नुसते तीसपर्यंत नाहीत, पावकी, निमकी, सवायकी, दिडकीसकट. ते राहिले. मॅडमनी तोच धागा धरला. मी म्हणायचं "बे एके", ह्यांनी म्हणायचं "बे". "बे दुणे", "चार". माझं नाव यायला दिवाळी उजाडली, पण पंधराचा पाढा मे महिन्यात पूर्ण झाला होता. मला याचा थोडा राग आला होता हेही खरं.

आता डिस्चार्जचा दिवस. भरती होतानाच कॅशलेसचा, म्हणजे कंपनीने दवाखान्याला परस्पर पैसे द्यायचा, अर्ज गेला होता आणि पन्नास हजारांची पहिली मंजुरी आली होती. आम्ही त्या भरवशावर. मग कंपनीकडून क्वेरी आली, बीपी कधीपासून आहे त्याचे कागद द्या. दवाखान्याच्या विमा काउंटरवरच्या मुलाने आम्हाला न विचारता केस पेपरचं तेच पान स्कॅन करून पाठवून दिलं. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं, दिवे लागले तरी उत्तर नाही. दर वेळी एकच ऐकायला मिळायचं, "मॅडम, मेल केलाय." रात्री जेवणाच्या वेळेला मेल आला. कॅशलेस नामंजूर, बिल भरा, नंतर दावा करा.

बिल ५,८६,०००. आडतीतला पैसा शेतकऱ्यांचा असतो, त्याला हात लावायचा नाही हा सासऱ्यांचा नियम. पाटल्या आणि गोफ बँकेत सोनेतारण ठेवले, मुलाने पुण्याहून पाठवले, भिशीवाल्या बायकांनी माझा नंबर नसताना उचल दिली. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचं काय, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. ती योजना २०२३ च्या निर्णयानंतर कुठल्याही रंगाच्या रेशन कार्डाला पाच लाखांपर्यंत लागू आहे, पण योजनेतल्याच दवाखान्यात, आणि आम्ही होतो तो दवाखाना त्यात नव्हता. दारात पोचताना कुणी हे बघत नाही. बघायला वेळ असेल तर मात्र बघा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरतीच्या आधी त्याला गाठा.

घरी आणलं तेव्हा नाकात नळी, लघवीला नळी. मधली खोली मोकळी करून वर-खाली होणारी कॉट भाड्याने आणली, तिच्यावर हवेची गादी. ती गादी लाइटवर चालते. लाइट गेली की पाच-दहा मिनिटांत बसते, म्हणून घरातला टीव्ही आणि फ्रिज काढून इन्व्हर्टर फक्त गादीला आणि पंख्याला. दर दोन तासांनी कूस बदलायची, डावी, पाठ, उजवी. पाठीत आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. माकडहाडाजवळ रुपयाएवढी लाली दिसली त्या रात्री मी डॉक्टरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, बोटाने दाबा, दाबल्यावर पांढरं पडतंय का? पडत नसेल तर जखमेची सुरुवात समजा. पडत नव्हतं. त्यानंतर मोबाइलचा गजर एकदाही बंद करून झोपले नाही. सत्तर किलोचा माणूस एकटीने फिरवता येत नाही. आमच्याच दुकानावरच्या हमालाचा मुलगा रात्री मुक्कामाला यायचा. खाली चादर टाकून ती दोन बाजूंनी धरून ओढायची युक्ती त्याचीच. पोती हलवणाऱ्याला वजन कुठं धरायचं ते कळतं.

नळीतून दर दोन तासांनी दोनशे मिली. आहारतज्ज्ञ बाईंनी छापील कागदावर ओट्स आणि महागडी पावडर लिहून दिली होती. मी मुगाचं कढण, वरणाचं पाणी, ताक आणि दोनदा गाळलेली ज्वारीची आंबील देत गेले, बाईंना विचारून. डोकं उंच, सिरिंज वर धरायची, ढकलायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं, शेवटी साधं पाणी घालून नळी धुवायची. नळी निघाली तेव्हा मला वाटलं आता सुटलो, तर स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, पाणी सगळ्यात शेवटी. गिळायचे स्नायू ढिले असतील तर घट्ट पदार्थ हळू सरकतो, सांभाळता येतो. पाणी मात्र सुसाट श्वासनळीत जातं. म्हणून आधी कुस्करलेलं केळं, चमचा उभा राहील अशी आंबील. भर उन्हाळा, माणूस पाणी-पाणी खुणावतोय आणि आपण केळं भरवतोय. सासूबाई माझ्यावर चार दिवस धुसफुसत होत्या. "लेकराला पाणी तोडलीस गं." मी त्यांना दोष दिला नाही, मलाही तसंच वाटत होतं.

भेटायला येणाऱ्यांवर वेगळा लेख होईल. बिस्किटाचे पुडे एवढे साठले की अंगणवाडीत दिले. प्रत्येकजण आधी विचारणार किती खर्च आला, मग सांगणार हैदराबादला न्यायला पाहिजे होतं. एका पाहुण्यांनी कबुतराच्या रक्ताने हात-पाय चोळायचं सुचवलं, कबुतरं आणून द्यायची तयारीही दाखवली. मी म्हटलं, आधी बिलं चोळून बघते.

तर बिलं. दोन गजरांच्या मध्ये दीड-पावणेदोन तास मिळतात. त्यात झोप लागत नाही, लागली तर उठवत नाही. त्या वेळेत मी पॉलिसीचं पुस्तक काढलं. बारीक इंग्रजी, पानंच्या पानं. पण माझं निम्मं आयुष्य पुस्तकांच्या धुळीत गेलं आहे, अनुक्रमणिका कुठून वाचायची ते मला कळतं. त्यात एक कलम सापडलं, मोरॅटोरियमचं. पॉलिसी सलग साठ महिने चालू असेल, तर त्यानंतर 'तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता' या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तर गोष्ट वेगळी. आधी ही मुदत आठ वर्षांची होती, विमा नियामकाने २०२४ मध्ये ती पाच केली. आमच्या पॉलिसीला सहा वर्षं होऊन गेलेली. आठचाच नियम राहिला असता तर आम्ही अडकलो होतो.

म्हणजे त्या ओळीत दहा वर्षं काय आणि वीस काय, ती खरी असती तरी दावा नाकारता येत नव्हता. रात्री तीन वाजता हे वाचून मी ह्यांना हलवून सांगितलं. ते "सत्तावीस" म्हणाले.

पण नुसत्या कलमावर विसंबायचं नाही, ओळही खोडून घ्यायची, असं मी ठरवलं. दवाखान्याकडे भरती असतानाचे सगळे इनडोअर केस पेपर मागितले. "ते पेशंटला देत नाहीत," काउंटरवरून उत्तर. देतात. मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात, डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून लिहिलेलं आहे. लेखी अर्ज दिला, पोच मागितली. पोच मागितली की माणसं खुर्चीत सरळ बसतात. कागद मिळाले. मेंदूच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं की बीपीचा कालावधी नातेवाइकाने अंदाजे सांगितला होता, पडताळलेला नव्हता. जोडीला २०२१ ची ती चिठ्ठी, जिच्यावर बीपी प्रथमच आढळल्याची नोंद होती.

याच दरम्यान कंपनीचा तपासनीस घरी येऊन गेला. गोड बोलला, चहा घेतला, ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि निघताना एक इंग्रजी फॉर्म पुढे केला. "नुसती सही करा ताई, तुमचंच काम लवकर होईल." मधल्या दोन ओळी रिकाम्या होत्या. मी त्या रेघ मारून बंद केल्या, खाली मराठीत 'बीपी २०२१ पासून' असं लिहिलं, मग सही केली, आणि तो कागद हातात असतानाच फोटो काढला. त्याचा चेहरा पडला. त्याचं पोट त्यावर आहे हे मला समजतं, पण माझंही होतं.

घरी आल्यावर केलेला दावा नाकारल्याच्या पत्रावर मी कंपनीला दोन गोष्टी विचारल्या. साठ महिन्यांचं कलम लावलं का? आणि विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दावा नाकारायच्या आधी तो दावा-आढावा समितीपुढे ठेवायचा असतो, तसा ठेवला होता का? कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल, तीच तक्रार नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर. त्याच परिपत्रकात असंही आहे की दवाखान्याकडून डिस्चार्जची विनंती पोचल्यावर तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी कळवायची, उशिरामुळे वाढलेला खर्च कंपनीच्या माथी. सकाळपासून रात्रीपर्यंत काउंटरसमोर बसवून ठेवलं तेव्हा हे माहीत असतं तर तिथंच वाचून दाखवलं असतं.

उत्तर आलं ते दोन ओळींचं, 'पुनर्विचार करण्यात आला आहे'. आजार लपवला म्हणाले होते, त्याबद्दल चकार शब्द नाही. मंजूर रक्कम ४,३५,०००.

पैसे आले त्या दिवशी पाटल्या सोडवल्या. मग मी कपातीचा तक्ता उघडला. ग्लोव्हज, डायपर, मास्क असलं सगळं मिळून ४१ हजार गेले, ते जाणारच होते. खोलीचं भाडं पॉलिसीत दिवसाला पाच हजारांपर्यंत, आम्हाला मिळाली साडेसात हजारांची, कारण दुसरी रिकामी नव्हती. त्यातला फरक गेला, तेही मान्य. पण खोली महागडी घेतली की बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लावतात, पाच भागिले साडेसात, म्हणजे तीनातला एक भाग कापायचा. डॉक्टरांच्या फीला ही कात्री लागते, तेही सोडून दिलं. कंपनीने मात्र ती औषधं आणि तपासण्यांवरही चालवली. सीटी स्कॅनचा आणि खोलीच्या भाड्याचा काय संबंध? नियामकाच्या नियमाप्रमाणेही नाही. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांना ही प्रमाणातली कपात लागत नाही, ऑक्टोबर २०२० पासून. २,१०,००० च्या औषध-तपासणीतून त्यांनी ७० हजार कापले होते. ते परत धरले तर बेरीज पाच लाखांच्या थोडी वर जाते, पॉलिसीची मर्यादा पाच, म्हणून मी ६५ हजार मागितले आहेत.

"मिळालंय त्यात समाधान मानावं की," दीर म्हणाले. त्यांचं चूक नाही, दुकान तेच ओढतायत, त्यांनाही थकवा आहे. पण चार लाख मिळाल्यावर पासष्ट हजार सोडून द्यायचे हा हिशोब मोंढ्यात कुणी शेतकऱ्याच्या पट्टीवर केला तर ह्याच दिरांनी त्याला दुकानातून उठवलं असतं.

कंपनीने नाही म्हटल्यावर मी विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेले. आपल्या मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत तक्रार करायची. सुनावणी व्हिडिओवरही होते, पुण्याला जायची गरज नाही, हे वाचून मला रडू आलं होतं. कारण ह्यांना सोडून एक दिवस बाहेर राहायचं तर घरात तीन माणसं बसवावी लागतात.

पुतण्याबद्दल. केस पेपरवरची ओळ त्याला कुणीतरी सांगितली आणि त्यानंतर तो आमच्या घरी पाय ठेवेना. दुकानात ह्यांच्या समोर आला तरी मान खाली. ह्यांना काठीवर चालता येऊ लागलं तसं सकाळी तासभर दुकानाच्या गादीवर नेऊन बसवतो आम्ही, तिथं तो असतोच. मी त्याला एकदा गाठून म्हटलं, "तू लातूरचा रस्ता धरला नसतास, चौघांचं ऐकत उभा राहिला असतास, तर मी आज कुठल्या बिलासाठी भांडले असते रे?" तो काही बोलला नाही. काका बोलले, "पंधरा दुणे तीस." आणि त्याच्या पाठीत डाव्या हाताने एक धपाटा घातला. तो बराच जोरात बसला असावा.

सुनावणीची नोटीस यायची आहे. ह्यांना कॅमेऱ्यासमोर बसायचंच आहे, मोंढ्यात जायचा पांढरा सदरा इस्त्रीला देऊन ठेवलाय. लॅपटॉप पुतण्याचा, कपातीचा तक्ता मोठ्या अक्षरात छापून तोच आणणार आहे. मी त्याला आणखी एक काम सांगितलंय, तारीख लागायच्या आत इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घे. भर सुनावणीत लाइट गेली तर गादी एक वेळ हाताने पंप करता येईल, लोकपालाला पुन्हा जोडता यायचं नाही.